१४ चे १८ केले

गेल्या बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात काकू भेटल्या. एका हातात सांबाराची जुडी, दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी. मला पाहिल्याबरोबर जागीच थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं नवीन अपडेट आलं तरी मी करणार नाही हं. आधीच सांगून ठेवते." भाजीवाली आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, हा विजेचं मीटर बदलणारा माणूस दिसतो.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या माझी थीम वापरतात. ओळख एवढीच, पण ती आता दहा वर्षांहून जुनी झाली आहे.

थीम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी). वर्डप्रेसवर तुम्ही लिहिलेला मजकूर एका ठिकाणी साठवलेला असतो आणि तो वाचणाऱ्याला कसा दिसायचा हे थीम ठरवते. अक्षर केवढं, ओळींत अंतर किती, मथळा कोणत्या रंगाचा, बाजूला काय, खाली काय. मजकूर तोच, अंगरखा वेगळा. फेब्रुवारी २००५ मध्ये वर्डप्रेसची १.५ आवृत्ती आली तेव्हापासून ही सोय आहे. त्या आवृत्तीबरोबर क्युब्रिक नावाची थीम मिळायची, मायकेल हायलेमान नावाच्या डॅनिश माणसाने केलेली, वरती गोल कोपऱ्यांचा निळा पट्टा असलेली. जून २०१० मध्ये ट्वेंटी टेन येईपर्यंत जिकडे जावं तिकडे तो निळा पट्टा. मीही तोच लावून लिहीत होतो, आणि त्यात मराठी फार केविलवाणी दिसायची.

इंग्रजीच्या मापाने बांधलेल्या घरात देवनागरी राहायला गेली की तिचं डोकं वर आपटतं आणि पाय खाली. आपल्याकडे अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीला पुरणारं ओळींतलं अंतर आपल्याला अपुरं पडतं, मग वरच्या ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या 'र्वी'ला जाऊन भिडतो. मथळ्याच्या अक्षरांमध्ये जरा मोकळी जागा सोडायची इंग्रजीत फॅशन आहे. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. पहिलं अक्षर मोठं करायची हौस तर विचारू नका. एकीने लेखाची सुरुवात 'स्त्री' या शब्दाने केली, तर भलामोठा पाय मोडका 'स्' एकीकडे आणि बारीकसा 'त्री' दुसरीकडे. अवतरणं तिरकी करायची पद्धतही तिकडचीच. तिरकी देवनागरी मला आजही बघवत नाही.

आणि आकार. विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी केला. त्यांचे उपकार आहेतच, पण इंग्रजीच्या शेजारी त्याच मापात ठेवला की तो बारीक दिसतो. इंग्रजी १४ ला सुखाने वाचता येतं, मराठी १४ ला डोळे बारीक करावे लागतात. हे मला तेव्हा कळत होतं का? नाही. माझे डोळे तेव्हा तिशीतले होते.

तर मी एक थीम केली. चाचणीसाठी शब्द आयताच घरचा होता: 'सक्करदऱ्यात'. त्यात जोड 'क्क' आहे आणि तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र आहे. एखाद्या फॉन्टला हा शब्द धड दाखवता आला तर मी त्याला पास करायचो. बऱ्याच मोबाइलांवर त्याचं 'सक्करदर्यात' नाहीतर त्याहून वाईट काहीतरी व्हायचं. थीमच्या नमुना चित्रातही मी तेच वाक्य टाकलं होतं, सक्करदऱ्याच्या तलावाबद्दलचं. २०१२ साली ती सगळ्यांसाठी मोफत खुली केली. डोक्यात एवढंच होतं की मला उपयोगी पडली, आणखी चार जणांना पडेल.

चार जणांना पडली. मग चाळीस जणांना. मग त्यांचे ई-मेल सुरू झाले, आणि ज्यांना नंबर मिळाला त्यांचे फोन.

आकड्यांचा किस्सा सांगतो. वर्डप्रेस मराठी केलं तरी तारखेत महिना 'फेब्रुवारी' आणि आकडे मात्र इंग्रजीच राहतात. लोकांनी मराठी आकडे मागितले. मी उत्साहात अशी सोय केली की पानावर जिथे जिथे इंग्रजी आकडा दिसेल तिथे मराठी आकडा यावा. जिथे जिथे म्हणजे खरोखरच जिथे जिथे. फोटोंच्या पत्त्यांमधले आकडेसुद्धा मराठी झाले, आणि त्या पत्त्यावर अर्थातच काहीही नव्हतं. एका ट्रेकवाल्याचे रायगडाचे सगळे फोटो रातोरात गायब. "गड आहे, पण फोटो गेले" असा त्याचा एका ओळीचा मेल आला होता. बिचारा चिडला नव्हता, मीच दोन दिवस तोंड लपवत होतो.

वर्ध्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं, "आमचा ल दंडाचा का येतो? आम्ही पाकळीचा ल लिहितो." सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, हे त्यांनी मला निर्णयाच्या तारखेसकट कळवलं. मी आधी उत्तर दिलं की हा फॉन्टचा प्रश्न आहे, थीमचा नाही. (टाळायचं असलं की हे उत्तर फार कामाला येतं.) नंतर राहवलं नाही म्हणून खोदून पाहिलं. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी वळण बाहेर येतं. सरांच्या वर्डप्रेसची भाषा इंग्रजी ठेवलेली होती, त्यामुळे पान जगाला सांगत होतं की मी इंग्रजी आहे. भाषा बदलली, ल ला पाकळ्या फुटल्या. सरांनी उत्तरात फक्त "आता बरोबर" असं लिहिलं, पूर्ण गुण दिल्यासारखं.

ज्याचा थीमशी काडीचा संबंध नाही तेही माझ्याकडेच यायचं. लेखाचा पत्ता अर्ध्यात का तुटतो? कारण देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ इंग्रजी चिन्हांचं होतं आणि वर्डप्रेस त्या जागेसाठी २०० चिन्हं देतं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हांत मथळा संपतो. हे मी किती जणांना समजावलं असेल! पासवर्ड विसरलो, काय करू? मुलगा अमेरिकेत आहे, त्याला दिसत नाही. एकाने विचारलं, लोक वाचत का नाहीत? यावर माझ्याकडे काय उपाय असणार? :)

परवान्यात हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. वर्डप्रेस आणि त्याच्या थीम ज्या परवान्याखाली येतात त्या १९९१ च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की याला कसलीही हमी नाही. इंग्रजीत तो भाग मोठ्या लिपीत छापलेला असतो, ओरडून सांगितल्यासारखा. (देवनागरीत मोठी लिपी नाही, ओरडायची सोय नाही.) परवाना म्हणतो: घ्या, वापरा, बदला, वाटा, पण बिघडलं तर मला विचारू नका. वैतागलो की मी तो परिच्छेद वाचायचो. बरं वाटायचं.

पण नागपुरात मे महिन्यात चौकाचौकात पाणपोया लागतात ना, माठांना ओलं लाल कापड गुंडाळलेल्या. तिथलं पाणी मोफतच असतं. म्हणून कोणी पाणपोई लावून आठ दिवसांनी माठात शेवाळ धरू देतं का? माझे वडील एकदा एवढंच बोलले होते, मी फोनवर कोणाला तरी "फुकट दिलंय हो मी" असं सांगत होतो तेव्हा.

काकूंचे यजमान मला भेटले ते २०१३ मध्ये. नमुना चित्रातलं वाक्य वाचून त्यांनी मेल केला: "आपण सक्करदऱ्याचे काय? आम्ही अयोध्यानगरात राहतो." सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वय पासष्टच्या पुढे. काकूंना त्यांच्या आईच्या हातच्या वैदर्भीय पाककृती लिहून ठेवायच्या होत्या. वडाभात, गोळाभात, सांबारवडी, पाटोडीचा रस्सा, रोडगे. काकू वहीत लिहायच्या, काका टाइप करायचे. थीम माझी. दोनतीनदा ते घरी आले, एकदा भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून. प्रश्न नेमके असायचे आणि उत्तर वहीत लिहून घ्यायचे. कोणत्या फाइलीत काय आहे हे मी त्यांना दाखवलं. "इथे आकडा बदलला की तिथे अक्षर मोठं होतं," असं मीच शिकवलं.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. थीमच्या फाइलीत थेट बदल केले आणि उद्या मी नवीन आवृत्ती दिली, तर नव्या फाइली जुन्यांच्या जागी बसतात आणि त्यांनी केलेलं सगळं पुसलं जातं. त्यावरचा उपाय तेव्हाही होता. चाइल्ड थीम नावाचा वेगळा फोल्डर करायचा, आपले बदल फक्त त्यात ठेवायचे, म्हणजे मूळ थीम कितीही बदलली तरी त्यांना धक्का लागत नाही. दहा मिनिटांचं काम. मला वाटलं, आत्ताच कशाला त्यांना गोंधळात टाका, नंतर सांगू.

२०१४ च्या हिवाळ्यात काका गेले. मला दोन महिन्यांनी कळलं.

२०१५ मध्ये मी थीमची नवी आवृत्ती काढली. बऱ्याच दिवसांची तक्रार होती, ओळी एकमेकींना भिडतात म्हणून. त्यात ओळींमधलं अंतर वाढवलं होतं. मी खूश होतो. लोकांनी बटण दाबलं, चांगलं झालं म्हणून कळवलं. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन.

"भाऊ, हे काय होऊन गेलं? यांनी केलेलं सगळं गेलं."

मला आधी कळेना. "पाककृती आहेत ना काकू?"

"त्या आहेत. यांचं गेलं."

बटणाजवळ सूचना असते, फाइलीत केलेले बदल जातील म्हणून. पण ती कोण वाचतं, आणि वाचली तरी काकूंना कसं ठाऊक असणार की काकांनी केलं ते 'फाइलीतले बदल' या सदरात मोडतं? त्यांच्या लेखी ते घर होतं. वर तुळशीवृंदावनाचं चित्र, कांद्याच्या सालीसारखा रंग, तळाशी काकूंच्या आईचं नाव. आता समोर माझी थीम होती, कोरी करकरीत, जशी मी बनवली तशी.

मी म्हणालो, बघतो. होस्टिंगवाल्याकडे मागच्या फाइली नव्हत्या. काकांचा संगणक भाच्याला दिलेला, आणि त्याने तो साफ करून टाकलेला. दोन रात्री गेल्या. मग इंटरनेट आर्काइव्ह आठवलं. जगभरच्या पानांच्या प्रती ते काढून ठेवतात, सगळ्यांच्या नाही, पण ठेवतात. काकूंच्या पानाची २०१४ मधली एक प्रत निघाली. चित्र नव्हतं, त्या जागी रिकामा चौकोन. पण सजावटीची फाइल होती, सीएसएसची, पूर्ण.

त्या फाइलीत दोन खुणांच्या मध्ये काहीही लिहिलं तर संगणक ते वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. काकांनी प्रत्येक बदलाशेजारी मराठीत नोंद केली होती. 'निळा नको म्हणाली. कांद्याची साल.' 'येथे काय आहे कळत नाही. हात लावू नये.' 'अंतर १.९ केले. ओळी चिकटतात.' आणि अगदी वर: '१४ चे १८ केले. हिला चष्मा लावूनही दिसत नाही.'

अंतर १.९. मी ज्या सुधारणेसाठी नवी आवृत्ती काढली ती त्यांनी दीड वर्षापूर्वीच करून ठेवली होती. माझ्या आवृत्तीत अंतर १.८ होतं.

मी चाइल्ड थीम केली, ती फाइल जशीच्या तशी तिच्यात ठेवली, नोंदींसकट. तुळशीवृंदावनाचा फोटो काकूंच्या अंगणात जाऊन नवीन काढला, पण तो तसा आला नाही. त्यांनी चालेल म्हटलं. काकांच्या नोंदी मी त्यांना वाचून दाखवल्या. चष्म्याची ओळ ऐकून त्या म्हणाल्या, "तेव्हा दिसत होतं मला. यांनाच दिसत नव्हतं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

पुढच्या आवृत्तीत मी थीममधल्या अक्षराचं मूळ माप १८ केलं. लगेच तीन तरुणांचे मेल आले, पान म्हाताऱ्यांसाठी असल्यासारखं दिसतं म्हणून. त्यांना चाइल्ड थीम कशी करायची ते पाठवलं. मदतीचं पानही मराठीत पुन्हा लिहिलं आणि सुरुवातच या धोक्यापासून केली. डिसेंबर २०१६ मध्ये वर्डप्रेसच्या ४.७ आवृत्तीत असे छोटे बदल वेगळे साठवायची सोय आली, तेव्हापासून हा घोळ कमी झाला. काकांना ती सोय फार आवडली असती.

त्यानंतर बरंच बदललं. डिसेंबर २०१८ मध्ये नवीन ब्लॉक संपादक आला, जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये थीम बनवायची रीतच पालटली. माझी थीम जुन्या पद्धतीची आहे. ती चालते, पण मी आता तिच्यात नवीन काही घालत नाही. वर्षातून एकदोनदा, काही मोडलंय असं कळलं तर तेवढं दुरुस्त करतो. आज किती जण वापरतात? आकडा दिसतो तो ढोबळ, आणि आकड्यावरून माणूस कळत नाही. बंद करून टाकावी असं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा प्रश्न आला की कळवायचं कोणाला? ज्यांनी कधी मेल केला त्यांचे पत्ते आहेत. ज्यांचं सगळं नीट चाललं, त्यांनी मला कधी लिहिलंच नाही. ते कोण हे मला कधीच कळणार नाही.

बाजारात काकूंना मी सांगितलं की अपडेट बिनधास्त करा, तुमचं वेगळं ठेवलंय, आता पुसत नाही. हे मी त्यांना आजवर आठदहा वेळा सांगितलंय. त्या मान हलवतात आणि करत नाहीत. जुनी आवृत्ती ठेवणं सुरक्षित नसतं, म्हणून शेवटी मीच त्यांच्याकडे बसून त्यांच्यासमोर बटण दाबतो. त्या वेळी त्या माझ्या खुर्चीच्या मागे उभ्या असतात.

"ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "अक्षर अजून थोडं मोठं होईल काय? आता अठरा पण दिसत नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर करून टाकलं. काकांच्या ओळीखाली ओळ लिहिली, १८ चे २० केले, आणि तारीख टाकली. रात्री फोन आला. दिसतंय, छान दिसतंय, पण पाटोडीच्या रस्स्याचा मथळा दोन ओळींत तुटतो आणि 'रस्सा' एकटाच खाली पडतो. उद्या बघतो म्हटलंय.